सहावा जिन्नस

आई, आज सकाळपासून घरात पुन्हा त्या काढ्याचा वास येतो आहे. काढा कुणी उकळत ठेवलेला नाही. गॅस बंद आहे, मातीचं ते झाकणाचं भांडं गॅरेजमधल्या वरच्या फळीवर पालथं पडलं आहे, आणि घरात माझ्याशिवाय कुणी नाही. तुझे जावई ऑफिसला गेलेत, नात कॉलेजसाठी लांब राहते. तरी मी वेड्यासारखी कपाटं उघडून हुंगत फिरले, सिंकखाली वाकले, फ्रिजमागे डोकावले. ओल्या मुळांचा, कडवट, थोडासा चिखलासारखा तो वास कुठूनच येत नव्हता आणि सगळीकडे होता. बाहेर धूर आहे. उत्तरेकडच्या डोंगरांत जंगल पेटलंय आणि क्युपर्टिनोचं आकाश तू पाहिलं होतंस तसंच झालंय, पिवळट, भर दहा वाजता दिवस कलल्यासारखं. खिडक्या बंद, दाराच्या फटीला ओला टॉवेल. हवा गाळायचं यंत्र कोपऱ्यात घरघरतंय. त्या यंत्राचं एक आहे, थोडा वेळ ऐकत बसलं की त्याची घरघर वरखाली होऊ लागते, मग श्वास घेतल्यासारखी होते, मग अगदी तुझ्यासारखी. बंद केलं तर धूर सोसत नाही, चालू ठेवलं तर तू हॉलमध्ये बसलेली असतेस. मी चालू ठेवलंय.

माझ्याही छातीत गेल्या वर्षीपासून शिटी वाजते. डॉक्टरांनी विचारलं, घरात कुणाला होतं का. मी म्हटलं, आईला. तुझ्या पाटल्या-बांगड्यांची वाटणी मावशीने चार जणांना बसवून केली, ही शिटी मात्र कुणी न वाटता माझ्याकडे आली. असो. तक्रार म्हणून सांगत नाही. तुझी निळ्या पुठ्ठ्याची वही आज कपाटातून काढली आणि मागच्या कोऱ्या पानांवर हे लिहायला बसले, त्याचं कारण तो वासच. तू गेल्याला सात वर्षं झाली. इतकी वर्षं मी त्या काढ्याचा विषय कुणाजवळ काढला नाही, आणि तुझ्याजवळ काढायला हवा होता तेव्हा तर नाहीच नाही.

तू अमेरिकेत आलीस ती आषाढात. विमानतळावर व्हीलचेअरमधून बाहेर आलीस आणि पहिलं वाक्य काय बोललीस, तर आषाढी झाली, आता चातुर्मास, माझं पातेलं वेगळं ठेव. फलटणच्या शाळेत तीस वर्षं खडू झिजवलास, त्या खडूच्या भुकटीने तुझी छाती भरली असं तू म्हणायचीस. दम्याचा पंप पर्सच्या बाहेरच्या कप्प्यात, आणि गळ्यात तुळशीची माळ. ती माळ माझ्यासाठी घातलेली होती हे मला लहानपणापासून माहीत होतं. माझ्याआधी तुझी दोन मुलं गेली. तिसऱ्या खेपेला तू बोललीस, हे मूल जगलं तर जन्मभर माळ घालीन. मी जगले. मग तू मांसमच्छी सोडलीस, अंडं सोडलंस, ज्या भांड्यात अंडं उकडलं त्या भांड्यातलं पाणीसुद्धा सोडलंस. शाळेच्या सहलीत सगळ्या बाई भेळ खायच्या आणि तू घरून आणलेली पोळी कोरडी चावायचीस, गाडीवाल्याच्या हाताचा भरवसा नाही म्हणून. मला त्या माळेचा धाकही वाटायचा आणि, खरं सांगू का, थोडा गर्वही वाटायचा. माझ्या जिवाची पावतीच ती, कायम डोळ्यांसमोर.

तू होतीस ते चारेक महिने आमच्या घरात अंडं आलं नाही. ते एक वेळ सोपं होतं. कठीण होती ती लेबलं. तुझी नात तेव्हा नऊ वर्षांची, तिला तू कामाला लावलंस. दह्यात जिलेटिन असतं, चीजमध्ये काहीतरी वासराच्या पोटातलं असतं, हे तुला विमानातच शेजारणीने सांगितलं होतं. मग दर शनिवारी दुकानात नात डबा उचलून बारीक अक्षरं मोठ्याने वाचायची आणि तू परीक्षेच्या पेपरासारखी मान हलवायचीस, पास किंवा नापास. ती पोरगी आजही होस्टेलमध्ये बिस्किटाचा पुडा उलटा करून वाचल्याशिवाय तोंडात घालत नाही. आणि स्वतः चिकन खाते. मला हसू येतं, मग येत नाही. कारण आपण इतके डोळ्यांत तेल घालून लेबलं वाचत होतो आणि व्हायचं ते लेबल नसलेल्या कागदी पुडीतूनच झालं.

श्रावण सरता सरता धूर आला. पहिल्या दिवशी तू अंगणात उभी राहून गाडीच्या काचेवरची राख बोटाने उचललीस आणि कुणाकडे होम आहे का विचारलंस. तिसऱ्या दिवशी तुला पायऱ्या चढवेनात. सकाळी उठून बघावं तर तू सोफ्यावर पुढे वाकलेली, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवलेले, खांदे वर-खाली, आणि ती शिटी. डॉक्टरकडे नेलं, त्यांनी मास्क लावून वाफ दिली, नवा पंप दिला, पंपाला लावायचं प्लॅस्टिकचं नळकांडं दिलं आणि श्वास कसा ओढायचा ते शिकवलं. बरं वाटलं, चार दिवसांनी पुन्हा तेच. त्याच आठवड्यात आपण भाजी आणायला गेलो आणि इंडियन स्टोअरच्या दोन दुकानं पलीकडे तू थबकलीस. काचेमागे बरण्याच बरण्या, मुळ्या, साली, वाळलेली फुलं. तू काचेला नाक लावून म्हणालीस, अगं हा तर आपला ज्येष्ठमध. चिनी काष्ठौषधींचं दुकान होतं ते. मी ऑफिसच्या घाईत होते, नको म्हणत होते, तू आत शिरलीससुद्धा.

त्या म्हाताऱ्या वैद्यांना पाहून तुझा चेहरा उजळला ते मला आजही दिसतंय. त्यांनी छोट्याशा उशीवर तुझं मनगट ठेवलं, तीन बोटं टेकवली आणि डोळे मिटून बसले. तू माझ्याकडे विजयी नजरेने पाहिलंस, बघ, नाडी बघतात, तुझे डॉक्टर तर कॉम्प्युटरकडेच बघत होते. मग जीभ पाहिली, कफाचा रंग विचारला. वैद्यांना इंग्रजी येत नव्हतं, त्यांची सून मधे बसून सांगत होती. तू मराठीत, मी इंग्रजीत, ती चिनीत, आणि वैद्य मान डोलावून पुन्हा उलट्या वाटेने. शेवटी सुनेने विचारलं की पेशंटला काही चालत नाही असं काही आहे का. मी तुला विचारलं. तू बोटांवर मोजत सांगितलंस. कांदा नाही, लसूण नाही, वांगं नाही, आणि आता भाद्रपद लागला म्हणून दही नाही. मी एकेक सांगत गेले, ती शहाण्या मुलीसारखी लिहीत गेली, वांग्यापाशी जरा हसली. वैद्यही हसले. म्हणाले, यातलं काहीच नाही, निश्चिंत राहा.

मांस म्हणून तू सांगितलं नाहीस. का सांगशील? तुझ्या जगात औषध म्हणजे झाडपाला. जे नाहीच, ते चालत नाही असं कुणी सांगतं का? पण मी? मी बारा वर्षं या देशात राहिले होते. प्रत्येक हॉटेलात, प्रत्येक ऑफिस पार्टीत, बसायच्या आधी 'व्हेजिटेरियन' म्हणणारी मी. त्या दिवशी तो शब्द माझ्या तोंडाशीसुद्धा आला नाही. तुझ्याशेजारी बसले की मी फलटणची होते, आणि फलटणच्या आपल्या घरात कांदा-लसणाची चौकशी होते, त्याच्या पलीकडची कुणी करत नाही. आईने यादी सांगितली आणि लेकीने ती शब्दाला शब्द लावून पोचवली. चूक कुठे झाली असं कुणी विचारलं तर वैद्यांसमोर मी बसले होते त्या लाकडी खुर्चीवरच बोट ठेवीन.

वैद्यांनी हातातल्या लहानशा तराजूने एकेक जिन्नस तोलून सात कागदांवर सात ढीग घातले. तीन वाट्या पाणी आटवून एक करायचं, कडू लागलं तर चमचाभर मध घाला, असं सुनेने सांगितलं. मधाचं ऐकून तू म्हणालीस, औषध आहे, सरबत नव्हे. घरी येऊन पहिली पुडी तू वर्तमानपत्रावर पसरलीस आणि नातीला शेजारी बसवून वर्ग घेतलास. हा ज्येष्ठमध, चाखून बघ गोड लागतो. ही सुंठ. ही संत्र्याची वाळकी साल. या बदामासारख्या बिया कसल्या कोण जाणे. ही कुठल्या तरी मुळाची साल. आणि मग ते सहावं, करड्या तपकिरी चपट्या पट्ट्या, आडव्या बारीक रेघांच्या, कडेला जरा मुडपलेल्या. तू एक उचलून बोटांत वाकवलीस. ही साल मऊच आहे म्हणालीस. नात तिच्या कामाला चोख, पुडीचा कागद उलटसुलट करून म्हणाली, "आजी, देअर इज नो लेबल ऑन धिस." तू म्हणालीस, झाडपाल्याला कसलं लेबल, बाळा.

आणि गुण आला. आला असं आपल्याला वाटलं, असं म्हणते, कारण डॉक्टरांनी नंतर मला सांगितलं की नळकांडं लावून पंप नीट घ्यायला लागल्यावर फरक पडणारच होता, आणि त्याच आठवड्यात वारा फिरून धूरही समुद्राकडे गेला होता. ते खरं असेल. पण तू सातव्या दिवशी पायऱ्या चढून वर आलीस आणि गणपतीत एका दमात अख्खी आरती म्हटलीस, मधे श्वासासाठी न थांबता, ते मी या कानांनी ऐकलं. माझा जीव भांड्यात पडला. मी जाऊन एकदम तीन आठवड्यांच्या पुड्या घेऊन आले. तेव्हा तू म्हणालीस, वैद्यांच्या चिनी चिठ्ठीतली नावं कुणाकडून तरी वाचून आण, म्हणजे फलटणला काष्ठौषधींच्या दुकानात मिळतात का बघते. वर मला धडाही दिलास. आपल्याकडे काविळीचं औषध देणारा म्हातारा केळ्यातून काहीतरी भरवायचा, नाव विचारलं तर सांगायचा नाही, नाव घेतलं की गुण जातो म्हणे. असलं थोतांड मला चालत नाही, तू म्हणालीस. आपल्या पोटात काय जातंय ते माणसाला कळलं पाहिजे.

ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर एक चिनी बाई बसायची. जेवणाच्या सुट्टीत मी तिला तो चिठ्ठीचा कागद दाखवला. ती वाचत गेली, मी वहीत मराठीत लिहीत गेले. ज्येष्ठमध, सुंठ, संत्र्याची साल, जर्दाळूच्या बिया, तुतीच्या मुळाची साल. सहाव्यापाशी ती जरा थांबली, इंग्रजी शब्द शोधत. मग म्हणाली, "अर्थवर्म. ड्राइड अर्थवर्म. माझी आजीपण घ्यायची, दम्याला बेस्ट." आणि पुन्हा आपलं जेवू लागली. तिने काही वाईट केलं नाही. तिने तर प्रेमाने सांगितलं.

गांडूळ. आई, मला त्या क्षणी ऑफिस दिसेना, आपलं मागचं न्हाणीघर दिसलं. मोरीचं पाणी अळूच्या वाफ्यात जायचं, तिथे ओलीला गांडुळं वर यायची, फरशीवर वळवळायची. मी पाय उचलला की तू ओरडायचीस. मग पानावर अलगद उचलून मातीत नेऊन सोडायचीस आणि चौथीच्या वर्गासारखं माझ्याकडून म्हणवून घ्यायचीस, गांडूळ हा शेतकऱ्याचा मित्र आहे. त्या तुला मी रोज सकाळी स्वतःच्या हाताने त्याचा काढा करून देत होते. ज्या माळेने मी जगले त्या माळेखालून तो घोट जात होता.

नवऱ्याला सांगितलं. तो पुण्याचा, सगळ्याचा निकाल दोन मिनिटांत लावणारा. म्हणाला, "यार, मेडिसिन इज मेडिसिन. आईंना बरं वाटतंय ना? मग कशाला सांगतेस?" झाकली मूठ सव्वा लाखाची, असंही वर म्हणाला. मला त्याचा राग आला, आणि तो बोलला ते मला हवंच होतं, याचा जास्त आला. तुला मी ती यादी दिली. पाच नावं. तू चष्मा लावून वहीत उतरवून घेतलीस, एकापुढे एक आकडे घालून, आणि सहाचा आकडा घालून थांबलीस. जिन्नस तर सहा आहेत, तू म्हणालीस. मी म्हटलं, सहावं तिलाही वाचता आलं नाही. तू माझ्याकडे पाहिलंस, मग आकड्यापुढची जागा तशीच ठेवून वही मिटलीस. तीस वर्षं मुलांची तोंडं वाचणारी बाई तू, मी काय म्हणून तुझ्यापुढे खोटं बोलायला गेले?

दुसऱ्या दिवसापासून मी पुड्या गॅरेजमध्ये उघडू लागले. एकेक पुडीतून त्या पट्ट्या वेचून काढायच्या आणि पुडी पुन्हा होती तशी बांधायची. फेकून द्यायला हात धजला नाही. तुपाची रिकामी बरणी होती तिच्यात भरून ठेवल्या. मला वाटलं, चला, सुटले. जे नकळत घडलं ते घडलं, आता पुढे नाही, तुला कळायचंही कारण नाही. पाच दिवस तू पाच जिन्नसांचा काढा प्यायलीस. दुसऱ्याच दिवशी म्हणालीस, याचा वास उतरलाय. मी म्हटलं, जुना झाला असेल.

सहाव्या दिवशी सकाळी मी खाली आले तर तू सोफ्यावर तशीच, पुढे वाकलेली. धूर पुन्हा आला होता, खिडकीबाहेरचं लिंबाचं झाड दिसत नव्हतं. पंप घेऊन झाला होता. डॉक्टरांना फोन केला, त्यांनी आणखी दोनदा घ्यायला सांगितलं आणि तासाभरात उतार पडला नाही तर हॉस्पिटलमध्ये आणा म्हणाले. तुझे ओठ काळपट दिसत होते की मला तसे वाटले, माहीत नाही. तू मला हाताने खुणावलंस, काढा. काढा टाक.

मी गॅरेजमध्ये गेले. तिथे किती वेळ उभी होते ते आठवत नाही, पण फार नसणार. बरणीचं झाकण उघडायला कष्ट पडले एवढं आठवतं. मूठभर पट्ट्या काढल्या आणि भांड्यात टाकल्या. आई, पहिल्यांदा जे झालं ते अज्ञानाने झालं, त्याला कुठलाही देव क्षमा करील. दुसऱ्यांदा मी जाणूनबुजून घातलं. माझ्या याच हातांनी, काय आहे ते माहीत असताना, कुणासाठी आणि कुणाच्या माळेवर ते माहीत असताना. तू मरशील अशी भीती वाटली म्हणून घातलं. तूही माझ्याबद्दलच्या तसल्याच भीतीने माळ घातली होतीस, आणि मी तशाच भीतीने ती बाटवली.

काढा गाळून वाटी तुझ्यापुढे धरली. दोनदा जास्तीचा पंप घेऊन झाला होता, शिटी किंचित उतरली होती, तुला बोलता येऊ लागलं होतं. तू वाटी नाकाशी नेलीस आणि तिथेच थांबलीस. "आज पहिल्यासारखा वास आला," तू म्हणालीस. मग वाटीवरून माझ्याकडे बघत विचारलंस, "मधे काय कमी पडलं होतं गं?"

मी तोंड उघडलं. "आई, काढ्यात..."

"राहू दे," तू म्हणालीस. "औषधाचं नाव घेऊ नये. गुण जातो."

आणि प्यायलीस. सबंध वाटी, तळाचा गाळसुद्धा. तुझा डावा हात गळ्याशी होता. माळ धरली होतीस की धाप लागली म्हणून छाती दाबली होतीस, हे मला तेव्हा कळलं नाही आणि पुढे विचारता आलं नाही. वाटी खाली ठेवून तू डोळे मिटलेस. दोन तासांनी तू वरणभात मागितलास. पंपाने झालं, वाऱ्याने झालं की त्या मूठभर पट्ट्यांनी, हे सांगणारा कुणी नाही. उरलेल्या दिवसांत मी रोज सहाही जिन्नस घालत राहिले. तू रोज पीत राहिलीस, आणि नावांची यादी पुन्हा कधी मागितली नाहीस.

कार्तिकात तू परत गेलीस. दोन वर्षांनी गेलीस ती फलटणच्या घरात, थंडीत, छातीनेच. मी पोचले तेव्हा सगळं उरकलं होतं. माळ तुझ्याबरोबर गेली, ते बरंच झालं, मला ती हातात घेववली नसती. तेराव्यानंतर मावशीने ही वही माझ्या हातात ठेवली आणि सहज बोलल्यासारखं म्हणाली की अमेरिकेहून आल्यापासून ताईने चहा सोडला होता. तू, आणि चहा. मधल्या सुट्टीत दोन कप लागायचे तुला, प्रसूतीच्या कळांतसुद्धा म्हणे चहा मागितला होतास. मावशीने कारण विचारलं तर तू म्हणाली होतीस, काहीतरी सोडायला हवं होतं. मावशीला वाटलं, साखर वाढली असेल. मी त्या रात्रीच्या विमानाने परत आले आणि सोळा तास ही वही मांडीवर धरून बसले, उघडली नाही. इथे येऊन उघडली. ते पान तसंच आहे. पाच नावं तुझ्या सुंदर शाळेच्या अक्षरात, आणि खाली सहाचा आकडा, त्यापुढे रिकामी जागा.

तेव्हापासून तू या घरात येतेस. धूर असला की हमखास येतेस, नसला तरी येतेस. बोलत काही नाहीस, नुसती श्वास घेतेस. पहिल्या वर्षी मी घाबरून दिवे लावायचे, हल्ली तुझ्यासाठी सोफ्याचा तो कोपरा मोकळा ठेवते, धुतलेले कपडे तिथे टाकत नाही. बरणी अजून गॅरेजमध्ये आहे. टाकता येत नाही आणि ठेवताही येत नाही. मध्यंतरी मी स्वतःच्या छातीसाठी त्या दुकानापर्यंत गेले होते. वैद्य आता नाहीत, त्यांच्या जागी सून बसते, तिचे केस पिकलेत. तिने मला ओळखलं नाही. मी बाहेरूनच बरण्या पाहून परत आले.

तुला कळलं होतं का, हे मी विचारणार होते. त्यासाठीच बसले होते लिहायला. पण इतकं लिहून झाल्यावर वाटतं की ते मला ठाऊकच आहे. थोतांड म्हणणाऱ्या बाईने त्या एका सकाळी थोतांडाचा आधार घेतला तो उगाच नाही. तू मला तोंड उघडू दिलं नाहीस, कारण मी उघडलं असतं तर तुला वाटी खाली ठेवावी लागली असती. तू माझं पाप अर्धं पिऊन टाकलंस आणि वर चहा सोडून त्याचं उरलेलंही फेडलंस. तुला राग आला होता का, ते मात्र मला कळत नाही. घरात जो श्वास ऐकू येतो तो रागाचा आहे की नुसता दमलेला, हे मी कान देऊन ऐकते आणि मला ठरवता येत नाही.

हे पत्र कुठे जायचं नाही. फलटणच्या घरात आता भाडेकरू आहेत, आणि ही वही पुन्हा त्याच कपाटात जाईल, तुझ्या स्वेटरखाली. एकच राहिलं. इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले की मी सांगणारच होते, वाक्य सुरूसुद्धा केलं होतं, तूच मला थांबवलंस. नवऱ्यालाही हेच सांगितलं, आणि त्याने मान डोलावली. तूही तेच समजून गेली असशील, की पोरीने निदान तोंड तरी उघडलं होतं. तसं नव्हतं, आई. माझ्या हातात चमचा होता, शेजारी मधाची बाटली उघडून ठेवली होती. काढ्यात मध घालू का, एवढंच मी विचारणार होते.